बदलीच्या गावचे नागरिकत्व

बदली हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. रेल्वे, पोस्ट, बँक, पाटबंधारे अशा कुठल्या ना कुठल्या खात्यात घरचे कोणी तरी असते, आणि वरून हुकूम आला की डबे-भांडी गोणपाटात बांधण्याचे काम घरच्या बाईकडे येते. शिधापत्रिकेवरची नावे कमी करून आणा, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा, नव्या गावात दूधवाला शोधा. हुकुमावर नाव नवऱ्याचे, पाळणारी ती. पण एवढ्या बदल्यांत आमच्या नात्यात कोणाला देश बदलावा लागला नव्हता. ताईच्या धाकटीवर ती पाळी आली आणि तिच्या कागदपत्रांना थोडा हात माझाही लागला, म्हणून या खेपेला वाचकांपुढे हा विषय.

भाची सातारा जिल्ह्यातली. जावई न्यू जर्सीत जन्मलेले, आईवडील मराठी, आणि स्वतः अमेरिकेच्या सैन्यात. मुलगा सैन्यात आहे हे ऐकून ताईला धक्का बसला नाही. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' हा शब्द कौतुकाने लावतात, तिथे तो बसायचा नाहीच. लग्न गावी झाले, यथावकाश भाचीला ग्रीनकार्ड मिळाले, ती टेक्सासला गेली. तिथे आठ महिने होतात न होतात तोच जावयांची बदली जर्मनीत, बव्हेरियातल्या व्हिलसेक गावी. गाव लहान, थंडी कडाक्याची, आणि कुंपणाच्या आत मात्र सगळी अमेरिका : दुकाने, शाळा, पोस्ट, डॉलर. तिथेच त्यांना मुलगा झाला. आणि मग एके दिवशी भाचीने फोनवर सांगितले, की ती अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज करणार आहे.

ताईने विचारलेला प्रश्न वकिलालाही शोभला असता. "राहते जर्मनीत, जन्मली इथे, आणि नागरिक अमेरिकेची? जिथे आठ महिनेसुद्धा धड राहिली नाही, तिथलं नागरिक कोण करून घेईल हिला?"

सामान्य नियम ताईच्याच बाजूचा आहे. ग्रीनकार्ड मिळाल्यावर पाच वर्षे, आणि अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेले असेल तर तीन वर्षे, त्या देशात राहावे लागते. त्यातला निम्मा काळ तरी पाऊल प्रत्यक्ष त्या भूमीवर असावे लागते. पण सैनिकाच्या बायकोने हा नियम पाळायचा कसा? सरकारनेच नवऱ्याला बाहेर पाठवले, ती त्याच्या मागे गेली, आणि मग त्याच सरकारने 'तुम्ही इथे राहत नव्हता' म्हणून तिचा अर्ज परत करायचा, हे कोणत्याही कचेरीला शोभणारे नव्हे. म्हणून त्यांच्या कायद्याच्या ३१९ व्या कलमात सैनिकाच्या जोडीदाराला दोन दारे ठेवलेली आहेत.

एक दार पोटकलम 'ब'चे. नवरा किमान वर्षभराच्या हुकुमावर परदेशी नेमलेला असेल, तर बायकोला वास्तव्याची अट मुळीच नाही. ग्रीनकार्ड मात्र हवे, मुलाखत आणि शपथ यांसाठी अमेरिकेत जाऊन उभे राहिले पाहिजे, आणि नवऱ्याची परदेशातली नेमणूक संपताच आपण अमेरिकेत राहायला येऊ, असे लिहून दिले पाहिजे. दुसरे दार पोटकलम 'इ'चे. हे २८ जानेवारी २००८ रोजी उघडले. यात तीन वर्षांची अट कायम, पण नवऱ्याबरोबर लष्करी हुकुमावर परदेशात काढलेले दिवस अमेरिकेतच काढले असे धरतात, आणि शपथही परदेशात घेता येते. या दुसऱ्या दाराला एक कडी आहे : हुकुमात बायकोचे बरोबर जाणे मंजूर झालेले असावे लागते. नवऱ्यामागे आपल्या खर्चाने, आपल्या हौसेने गेलेलीला ते उघडत नाही.

मला दुसरे दार सोयीचे वाटले. मूल लहान, प्रवास लांबचा, घाई कशाला? तसे मी म्हटलेही. त्यावर भाची थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, कलमात 'ब' आणि 'इ'च्या मध्ये 'ड' आहे. तेवढं वाचा, आणि आईला सांगू नका."

मी वाचले. पोटकलम 'ड' हे सेवेत असताना मरण पावलेल्या सैनिकाच्या विधवेसाठी आहे. तिलाही वास्तव्याची अट नाही. कायदा उदार आहे, यात शंका नाही. पण बाळाच्या पाळण्याशेजारी बसून सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने तो परिच्छेद वाचला, त्यातला एकेक शब्द शब्दकोशात पाहिला, आणि आपल्याला त्या दारातून आत जायचे नाही असे ठरवले, हे कळल्यावर मी घाईविषयी पुन्हा काही बोललो नाही. "हे सरावासाठी पोलंडला जातात तेव्हा इथं घरात आम्ही दोघंच," ती म्हणाली. "त्यातला एक जन्मापासून अमेरिकन. परकी मी एकटी. माझं जे काही आहे ते ह्यांच्या हुकुमाच्या आधारावर उभं आहे. मला माझ्या नावावर काही तरी हवंय." (हे वाचून ताईला आता कळेलच. भाचीची परवानगी काढली आहे.)

अर्ज 'ब'खाली झाला. फॉर्मचे नाव एन-४००. त्याबरोबर नवऱ्याच्या परदेशातल्या नेमणुकीचा लष्करी दाखला. त्याचा क्रमांक डीडी १२७८. सैनिकाने स्वतः नागरिकत्व मागितले तर त्याला फी माफ आहे, सैनिकाच्या बायकोला नाही. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेल्या दराने कागदी अर्जाला ७६० डॉलर. ताईने लगेच रुपये केले आणि तो आकडा मला दोनदा ऐकवला.

माझा हात लागला तो भाषांतराला. परभाषेतल्या प्रत्येक कागदासोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, आणि खाली भाषांतरकाराने लिहून द्यावे लागते की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर संपूर्ण व बिनचूक आहे. सरकारी शिक्क्याची गरज नाही, सहीची आहे. वीस वर्षे मराठी शिकवून माझ्या मराठीबद्दल असा दाखला कोणी मागितला नव्हता. तो मी स्वतःच स्वतःला दिला.

लग्नाचा दाखला ग्रामपंचायतीचा. पहिला अडथळा 'मौजे'. गावाच्या नावाआधी हा शब्द आपण पिढ्यान् पिढ्या लिहीत आलो, पण इंग्रजीत त्याचे करायचे काय? गावच म्हणावे लागले. खरी परीक्षा लग्नपत्रिकेने घेतली. लग्न खरे आहे याचा पुरावा म्हणून भाचीने तीही जोडायची ठरवली होती. 'चि. सौ. कां.' या तीन अक्षरांपुढे मी अर्धा तास बसलो. सौभाग्याची इच्छा करणारी, दीर्घायुषी : असे इंग्रजीत लिहिले की वाचणाऱ्याला वाटायचे, ही बाई कसली तरी लॉटरी लागण्याची वाट पाहत होती. 'सौभाग्य' म्हणजे नवरा जिवंत असणे, हे एका शब्दात सांगणारा शब्द मला सापडला नाही. आणि पोटकलम 'ड' वाचल्यावर तो शब्द मला पूर्वीइतका निव्वळ उपचाराचाही वाटेना.

मग नावाचा घोळ. जन्माच्या नोंदीत नाव, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. लग्नाच्या दाखल्यात नाव, नवऱ्याचे नाव, सासरचे आडनाव. पासपोर्टात तिसरीच मांडणी. आपल्याला यात काही वावगे दिसत नाही. मधले नाव कोणाचे हे पाहून आपण बाईचा सगळा इतिहास ओळखतो. तिकडे मधले नाव हे माणसाच्या स्वतःच्या नावाचाच भाग. तेव्हा एकाच मुलीचे मधले नाव आधी एका पुरुषाचे आणि नंतर दुसऱ्या पुरुषाचे का, हे समजावणारी एक पुरवणी मला लिहावी लागली. ती लिहिताना मलाही ते पहिल्यांदाच थोडे चमत्कारिक वाटले.

मुलाखतीत इंग्रजीची आणि नागरिकशास्त्राची परीक्षा असते. भाचीचा अर्ज २०२५ च्या उन्हाळ्यातला, म्हणून तिला जुना नियम : शंभर प्रश्नांची यादी, त्यांतले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर यायला हवेत. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना यादी १२८ प्रश्नांची, विचारायचे वीसपर्यंत, बरोबर हवेत बारा. फोनवर मी तिची उजळणी घेत असे. सर्वांत लांब नद्यांपैकी एक सांग. मिसुरी. सुझन बी. अँथनी यांनी काय केले? स्त्रियांच्या हक्कांसाठी लढल्या. "शाबास," मी म्हणायचो, आणि मागून मूल रडायचे.

यादीत नसलेला एक प्रश्न मी स्वतःसाठी काढला : बायकोचे नागरिकत्व कोणाचे? शोधत गेलो तेव्हा बराच मजकूर हाती लागला. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी स्त्री आपोआप अमेरिकन होई. ना फॉर्म, ना परीक्षा. मात्र ती गोरी असली पाहिजे. आमच्या भाचीला त्याचा उपयोग नव्हता. १९०७ च्या कायद्याने याची उलट बाजू केली : परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावे. कॅलिफोर्नियात स्त्रियांना १९११ साली मत मिळाले, तेव्हा एथेल मॅकेन्झी मतदार म्हणून नाव घालायला गेल्या. जन्म तिथलाच, पण नवरा ब्रिटिश प्रजाजन. नाव घेतले नाही. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९१५ साली हरल्या.

१९२२ साली कायदा सुधारला, तरी एक काटा राहिलाच. ज्याला नागरिकत्व मिळणेच शक्य नाही अशा पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री अजूनही आपले हक्क गमावत होती. आणि असा पुरुष कोण, याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ १९१८ साली अमेरिकेच्या सैन्यात होते. गणवेशात असताना त्यांना दिलेले नागरिकत्व काही दिवसांत काढून घेतले, पुन्हा मिळाले, आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांना त्याची झळ पोचली. तो काटा १९३१ साली निघाला. थिंद यांना महायुद्धातले सैनिक म्हणून १९३६ साली नागरिकत्व मिळाले; बाकीच्या हिंदी लोकांना १९४६ पर्यंत थांबावे लागले.

हे सगळे भाचीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे फॉर्म भरावा लागतोय हेच बरं की, मामा." मला तिचे म्हणणे पटले. नवऱ्याच्या नेमणुकीने तिची रांग आखूड केली, पण रांगेत उभी राहिली ती स्वतः. उत्तरे तिची, सही तिची.

मुलाखत नेवार्कच्या कचेरीत झाली. मूल न्यू जर्सीत सासूबाईंकडे. आदल्या रात्री तिने मला शपथेचा मजकूर पाठवला आणि त्याचे मराठी करून आईला वाचून दाखवा म्हणाली. हे भाषांतर कुठल्याही कचेरीसाठी नव्हते, आणि सगळ्यांत अवघड तेच गेले. ज्या राज्याची मी आजवर प्रजा किंवा नागरिक होते, त्याच्यावरची सारी निष्ठा मी पूर्णपणे सोडते, असे त्यात आहे. कायद्याने सांगितले तर शस्त्र धरीन, असेही आहे. शस्त्राचे ऐकून ताई हसली. "ही? हिला झुरळ मारता येत नाही." निष्ठेच्या वाक्याला ती हसली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "अरे, माहेर सोडलं असं म्हण, हे लग्नातसुद्धा कोणी वदवून घेत नाही मुलीकडून."

यावर उत्तर माझ्याकडे नव्हते. आपला कायदाही इथे हळवा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमाप्रमाणे, स्वखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. नंतर पासपोर्ट परत करून तसा दाखला घ्यायचा. तो जवळ ठेवून वापरणे हा गुन्हा. भाचीने जर्मनीत परतल्यावर म्युनिकच्या आपल्या वकिलातीत तो दिला. रद्दचा शिक्का मारून त्यांनी तिला तो परत केला. दोन्ही देशांचे पासपोर्ट निळेच, त्यामुळे कपाटातून चुकीचा निघू नये म्हणून तिने जुन्याला रबरबँड लावला आहे.

ताईची खरी काळजी जमिनीची निघाली. ती मी मिटवू शकलो. २००५ पासून परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना 'ओसीआय' कार्ड मिळते. त्यावर जन्मभर व्हिसावाचून येता येते. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही; पण वडिलांकडून वारसाने आलेली ठेवता येते. तेव्हा विहिरीकडच्या तुकड्यावर तिचे नाव लागेल.

आता एकच गाठ उरली आहे आणि ती जावयांची. आईवडील मूळचे भारतीय म्हणून त्यांनाही हे कार्ड मिळाले असते. लहानपणी काढायचे राहून गेले, आणि परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा राहिलेल्याला ते मिळत नाही, असा नियम आहे. म्हणजे पुढच्या वर्षी मुलाच्या जावळाला गावी येतील तेव्हा भाची कार्ड दाखवून सरळ आत येईल, आणि जावयांना सासुरवाडीला येण्यासाठी दर वेळी व्हिसा मागावा लागेल. त्या अर्जात एक प्रश्न असतो : आपण लष्करात, पोलिसात वा तत्सम दलात आहात किंवा होता काय? तो फॉर्म भरण्याचे काम भाचीने स्वतःकडे घेतले आहे. मला फक्त गावाचे नाव इंग्रजीत कसे लिहायचे ते विचारले, 'मौजे' वगळून.