प्रश्नाला जागा हवी

एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून शिकू देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये दिली. दर्यापूर-तेल्हाऱ्याच्या विद्यार्थ्याला आता आयआयटीतील व्याख्यान मोबाइलवर ऐकता येते, हे चांगलेच झाले. पण अडले तर विचारायचे कुणाला? हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम तीन टक्के शेवटपर्यंत टिकले. त्यातले बरेच नुसते चाळायला आले होते, हे मान्य. तरीही उत्तम व्याख्यान माणसाला धरून ठेवायला पुरत नाही, एवढे त्यातून दिसतेच.

धरून ठेवते ती सोबत, आणि वऱ्हाडाला तिचा अनुभव आहे. कृषी संजीवनी प्रकल्पाच्या शेतीशाळांत शेतकऱ्यांचे लहान गट कपाशीची झाडे निरखतात, मित्रकीटक मोजतात, दिसले ते तक्त्यावर मांडतात आणि फवारायचे की नाही यावर बांधावरच वाद घालतात. तोच शेतकरी व्हॉट्सॲपच्या गटावर डोमकळीचा, म्हणजे बोंडअळीमुळे न उमललेल्या फुलाचा, फोटो टाकतो, तेव्हा लगेच औषधाचे नाव येते आणि शिकणे तिथेच थांबते. मार्गदर्शकाने आधी विचारायला हवे: कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग आले का? शंभर फुलांत डोमकळ्या किती? शेजारच्या गावचा शेतकरी आपला आकडा सांगेल, तुलना होईल, आणि निर्णय शेतकऱ्याचा स्वतःचा राहील. महाविद्यालयाच्या ऑनलाइन वर्गाची आखणीही अशीच हवी: पंचवीसेक जणांचा गट, ठरलेला मार्गदर्शक आणि आधी प्रश्न. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर काढून घेत. त्यांचे नाव लावणाऱ्या अमरावती विद्यापीठाला ही रीत परकी नाही.

मेळघाटात रेंज नाही, हा आक्षेप खराच आहे. म्हणूनच थेट व्हिडिओवर सारी भिस्त नको. वऱ्हाडीत बोलून पाठवलेला छोटा संदेश रेंज आली की पोहोचतो, आणि लिहायला बिचकणाराही बोलतो. गटांत अफवा आणि शुभेच्छांचा पूर येतो, हेही खरे. पण तो येतो तिथे बहुधा लक्ष ठेवणारे कुणी नसते. सर्वांत वजनदार आक्षेप शिक्षकांचा आहे. पदे रिक्त, वर्ग तासिका तत्त्वावर चाललेले. रात्री दहाला आलेल्या शंकेला उत्तर कुणी द्यायचे? हे काम फुकट मागण्याचा अधिकार कुणालाच नाही. संवादाचा वेळ कार्यभारात धरावा आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना त्याचे मानधन मिळावे. ही तरतूद न करता ऑनलाइन विषय वाढवत नेणे विद्यापीठाने थांबवावे.