आधी जुनी भोकं शोधा

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या एका गल्लीत, जेमतेम एक गाडी मावेल अशा शेडमध्ये गेल्या महिन्यात महिंद्राची एक जुनी एफसी (फॉरवर्ड कंट्रोल) पिकअप उभी होती. हौदा मूळचा, फाळका मूळचा, फाळक्याच्या साखळ्यासुद्धा मूळच्या. मालकाला तीन वस्तूंसाठी जागा हवी होती: जॅक, पान्यांची पेटी आणि पाण्याचा कॅन. ह्या गाडीत नेमकी तीच नाही. ड्रायव्हर जवळजवळ इंजिनावर बसतो आणि केबिनची मधली जागा इंजिनाचं झाकण खाऊन टाकतं. जीपवाल्या विलीजने अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस हे रूप आणलं तेच मुळी ८१ इंची व्हीलबेसवर जास्तीत जास्त हौदा मिळावा म्हणून. तिकडे ते १९६५ मध्ये बंद झालं, इकडे महिंद्राने पुढे चालवलं. सामानाची सोय मात्र दोन्हीकडे ज्याची त्याने करायची.

मी पोचलो तेव्हा कारागीर गाडीखाली आडवा होऊन खडूने खुणा करत होता. कंपनीने पाडलेली, पण रिकामी राहिलेली भोकं तो मोजत होता. बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, सात सापडली. चार कामाची हायेत. पेटी ह्यांच्यावरच धरू." माणूस उदगीरकडचा, म्हणून आमचं मराठीत चाललं होतं, हाताखालच्या पोराशी त्याची दखनी.

त्याच चेसिसवर डाव्या अंगाला, पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत, पेटीचा अँगल थेट वेल्ड केलेला होता. अँगल केव्हाच तुटून पडलेला. वेल्डच्या टोकापासून निघालेला तडा मात्र खालच्या काठातून बोटभर वर चढला होता. टॉर्चच्या उजेडात तो केसाएवढा दिसत होता, आत गंजाची लाल रेघ. एका पेटीपायी चेसिसला तडा गेला. हे पाहून मला फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच ह्या महिन्याचं संपादकीय ब्रॅकेटवर आहे.

चेसिसच्या सी चॅनलमध्ये वाकण्याचा ताण वरच्या आणि खालच्या काठावर सगळ्यात जास्त येतो. उभ्या भिंतीच्या मधोमध तो जवळजवळ नसतो. भोकाच्या कडेला ताण आजूबाजूच्या तिपटीपर्यंत चढतो. वेल्डलगतचं लोखंड तापून निवताना आपला मूळ गुण घालवतं. म्हणून काठाला ड्रिल लावू नका आणि चेसिसवर आर्क पेटवू नका. जुनी भोकं जिथे नसतील तिथे यू-बोल्टने चेसिसला मिठी मारा. चॅनलच्या पोटात लोखंडी ठोकळा भरा, नाहीतर नट आवळताना काठ आत दबतो. लाकडाचा तुकडा पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात सैल होतो, तो नको. आणि ब्रेकची नळी मिठीत सापडली नाही ना, हे बोट फिरवूनच बघा.

एक हिशेब आपल्याकडे हमखास राहून जातो. पेटी सामानासकट २० किलोची असली, तरी खड्ड्यात तिचा भार तिप्पट, म्हणजे ६० किलो धरायला हवा. तो चेसिसपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर ५० बाय ५ मिलिमीटरची नुसती पट्टी दोन ठिकाणी लावूनही मुळाशी वाकते. पट्टी जाड करत बसण्यापेक्षा खालून तिरका टेकू द्या. ८ मिलिमीटरचे ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉक नट एवढ्या कामाला पुरून उरतात. मोडतो तो सहसा ब्रॅकेटचा कोपरा, कारण पत्रा सुरीसारख्या धारेवर दुमडलेला असतो. दुमडीची आतली गोलाई निदान पत्र्याच्या जाडीइतकी ठेवा.

पेटीच्या बाबतीत हैदराबादच्या कारागिरांना बाहेरून काही शिकावं लागू नये. १९४२ साली सुरू झालेल्या ऑल्विनने इथे बसच्या बॉड्या बांधल्या, शहराच्या डबलडेकर बांधल्या आणि स्टीलची कपाटंही केली. घरात ऑल्विनचं जुनं कपाट असेल तर त्याच्या दाराची कड चाचपून पाहा. पातळ पत्रा दुमडून उलट मारलेला असतो, म्हणून हाताला लागत नाही आणि वर्षानुवर्षं पिळवटतही नाही. आपली पेटीही १६ गेजच्या पत्र्यात अशाच कडा मारून करा. तळाला दोन कोपऱ्यांत भोकं ठेवा, पाणी निघून जाईल. भोकं पाडायची तर इथे, पेटीला. पेटी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर लोखंडाशी टेकते तिथे रबर घाला, नाहीतर ओलाव्यात तिला तिथूनच खड्डे पडू लागतात.

आता कायद्याचं. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापरातली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला ५,००० रुपये. मूळ रूपाची अट कडक: चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. सत्तरच्या दशकातल्या पिकअप आता एकेक करून ह्या उंबरठ्यावर येत आहेत. आपण आज मारलेला वेल्ड उद्या मालकाच्या अर्जाच्या आड येऊ शकतो. बोल्टवर धरलेली पेटी मात्र दोन पान्यांनी अर्ध्या तासात उतरते.

चिक्कडपल्लीची पेटी चौथ्या दिवशी चढली. कारागिराने आधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ब्रॅकेटचा साचा केला होता, तो तीनदा लावून पाहिला आणि मगच पट्टी कापली. काम झाल्यावर तो साचा चुलीत जाणार होता. मी मागून घेतला. आज तो माझ्या टेबलावर आहे, चारही भोकांची मापं पेन्सिलने लिहिलेली.

असे साचे तुमच्याकडेही असतील. ते आम्हाला पाठवा. गाडी कुठली, साल कुठलं, पत्रा किती गेजचा आणि कंपनीची कुठली भोकं वापरली, एवढं पाठीमागे लिहा. पुढच्या अंकापासून दर महिन्याला एक साचा मापांसकट छापू. पुठ्ठ्याची घडी घालू नका, दुमडीवर माप चुकतं. दोन फळ्यांत सपाट बांधून पाठवा.