मुलाचा ‘ताबा’ कशाला म्हणता?

जमिनीचा ताबा मिळतो, गहाण पडलेल्या घराचा मिळतो, आरोपीला पोलीस ताब्यात घेतात. आईवडील विभक्त झाले की मराठीत मुलाचाही ‘ताबा’च मिळतो. वृत्तपत्रे तसे छापतात, वकील तसे बोलतात आणि भाषा शिकवणारे आपण ते वाचून मुकाट्याने पान उलटतो. माझा या शब्दाला आक्षेप आहे, कारण मूल म्हणजे ताब्यात ठेवण्याची वस्तू ही समजूत त्यामागे आहे.

ती समजूत १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात उघड दिसते. पालक नेमताना मुलाचे कल्याण पाहावे, असे कलम १७ सांगते. कलम २५ मात्र पालकाकडून निघून गेलेल्या पाल्याला अटक करवून पालकाच्या हवाली करण्याचा अधिकार न्यायालयाला देते. कायद्याच्या मते ही अटकही त्याच्या कल्याणासाठीच!

शब्द बदलून काय साधणार, असे कोणी विचारील. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ नुसार मुलाचा नैसर्गिक पालक पिता, आणि ‘त्याच्यानंतर’ माता. कादंबरीकार गीता हरिहरन मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेऊ गेल्या, तेव्हा याच शब्दाने त्यांची वाट अडवली. ‘नंतर’ म्हणजे ‘मृत्यूनंतर’ नव्हे, ‘अनुपस्थितीत’ असाही त्याचा अर्थ होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले. एका शब्दयोगी अव्ययावर आईचे पालकत्व तोलले गेले. आणि कलमाचे शब्द आजही तेच आहेत. इंग्लंडने १९८९ च्या कायद्यात मुलांसंबंधीची ‘कस्टडी’ची भाषा सोडून ‘पालकांची जबाबदारी’ ही संकल्पना स्वीकारली. तेथील तंटे त्यामुळे संपले नाहीत, पण कायद्याने पालकाला मालक म्हणणे सोडले.

आपल्याकडचा वाद मात्र ‘आईचा हक्क की वडिलांचा’ येथेच अडून बसतो. दोन्ही पक्ष आवेशाने भांडतात आणि ज्याचा हक्क आहे तो बाहेरच्या बाकावर बसून राहतो. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद ९ प्रमाणे दोन्ही पालकांशी नियमित संबंध ठेवण्याचा हक्क मुलाचा आहे. त्याला बाधक ठरेल तेवढाच अपवाद. म्हणून जोडीदारावरील रागापायी मुलाचे मन कलुषित करून भेटी टाळणारा पालक मुलाचाच हक्क हिरावतो. तसेच, घरात मारहाण करून पुढे ‘बापाचा हक्क’ म्हणून दार ठोठावणाऱ्यालाही या अनुच्छेदाचा आधार घेता येणार नाही.

उरला ‘अज्ञान’ हा शब्द. समजत्या वयाच्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ ‘शकते’, एवढेच १८९० चा कायदा म्हणतो. संहितेचा अनुच्छेद १२ मुलाचे म्हणणे ऐकले जाणे हा त्याचा हक्क मानतो. ऐकणे म्हणजे आई की बाबा अशी निवड त्याच्यावर लादणे नव्हे. ते तर क्रौर्य होईल.

विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त पालकत्वाची शिफारस केली. संसदेने तिचा विचार करावाच. तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. मराठीत ‘सांभाळ’ हा शब्द आहे. ताबा घेणाऱ्याला हक्क मिळतो. सांभाळ करणाऱ्यावर कर्तव्य येते. निदान आपल्या वर्गात आणि लेखनात मूल कोणाच्या ‘ताब्यात’ देऊ नये.