चवीचा टोमॅटो कुंडीत

बाजारातला टोमॅटो प्रवासात फुटत नाही, आठवडाभर टिकतो, दिसतोही लालबुंद. पण चवीला पाणचट लागतो. यात दोष शेतकऱ्याचा नाही. वाण तयार करणाऱ्यांनी अनेक दशके उत्पादन, टणकपणा आणि रंग यांनाच झुकते माप दिले. फळ एकसारखे पिकावे म्हणून निवडलेल्या एका जनुकीय बदलाने देठाजवळचा गडद हिरवेपणा गेला आणि त्याबरोबर फळातली साखरही घटली, असे २०१२ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातील संशोधनाने दाखवले.

घरी लावणाऱ्याला वाहतुकीची चिंता नसते. मग त्याने बाजाराचे निकष का पाळावेत? चेरी टोमॅटोच्या लहान फळात साखर आणि आम्ल जास्त एकवटलेले असते. नारिंगी ‘सनगोल्ड’ अतिशय गोड. मात्र त्याची पातळ साल अचानक जास्त पाणी मिळाल्यास तडकते. तो संकरित असल्याने त्याचे बी धरून पुन्हा तीच चव मिळत नाही. जांभळट ‘ब्लॅक चेरी’ सरळ वाण आहे. त्याचे बी ठेवता येते. दोन्ही वेली उंच वाढतात. त्यांना आधार, किमान सहा तास ऊन आणि बेताचे, नियमित पाणी हवे. आपल्याकडे पावसाळा सरताना रोपे करावीत. पिकलेली फळे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने सुवास कमी होतो.

टोमॅटोचा सुवास देणारी अनेक द्रव्ये कॅरोटिनॉइड, अमिनो आम्ले अशा पोषक घटकांपासूनच बनतात. म्हणून चवीचा आग्रह म्हणजे केवळ जिभेचे चोचले नव्हेत. बियाणे घेताना पाकिटावरील चित्र नव्हे, वाणाचे नाव पाहावे.