विश्लेषण : हायड्रोजनवर उडणारी विमाने लांबली, मग विमानतळांनी तयारी आताच का करायची?

धूर न सोडणारे हायड्रोजन विमान २०३५ पर्यंत प्रवाशांच्या सेवेत आणण्याचे एअरबसचे स्वप्न पुढे ढकलले गेले आहे. तरीही युरोपातील विमानतळ हायड्रोजनच्या टाक्या, नळ्या आणि सुरक्षा नियमांचा अभ्यास करतच आहेत. विमानच नसेल तर विमानतळ कशाची तयारी करत आहेत? आणि नवे विमानतळ उभारणाऱ्या भारताने यातून काय घ्यावे?

विमानांचे वेळापत्रक का घसरले?

एअरबसने सप्टेंबर २०२० मध्ये ‘झिरोई’ या प्रकल्पांतर्गत हायड्रोजनवर चालणाऱ्या तीन विमानांच्या संकल्पना मांडल्या. त्यांपैकी एक २०३५ पर्यंत प्रत्यक्षात आणण्याचे लक्ष्य होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र हा कार्यक्रम पाच ते दहा वर्षे लांबल्याचे वृत्त आले. त्याच्या पुढच्या महिन्यात कंपनीने सुधारित संकल्पना दाखवली. त्यात हायड्रोजनपासून वीज बनवणारे फ्युएल सेल आहेत आणि त्या विजेवर चालणारी प्रत्येकी दोन मेगावॅटची चार इंजिने आहेत.

हायड्रोजनवर विमान उडवणे अशक्य नाही. सोव्हिएत संघाच्या तुपोलेव्ह टीयू-१५५ या विमानाने एप्रिल १९८८ मध्येच द्रवरूप हायड्रोजन वापरून उड्डाण केले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘एचटूफ्लाय’ या जर्मन कंपनीचे छोटे विमान स्लोव्हेनियातील मारिबोर येथून उडाले आणि द्रवरूप हायड्रोजनवर तीन तासांहून अधिक काळ हवेत राहिले. म्हणजे विमान उडते. अडचण आहे ती रोज शेकडो विमानांना वेळेवर, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा दरात हे इंधन देण्याची. कार्यक्रम लांबण्यामागे हायड्रोजनचे उत्पादन, वितरण आणि नियम यांची व्यवस्था अपेक्षेपेक्षा हळू उभी राहत असल्याचे कारण एअरबसनेही दिले.

हायड्रोजन इतर इंधनांपेक्षा वेगळा का?

एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो विमान इंधनाच्या जवळपास २.८ पट ऊर्जा असते. वजनाच्या हिशोबात हा मोठा फायदा. जागेच्या हिशोबात मात्र गणित उलटे होते. द्रवरूप हायड्रोजनच्या एका घनमीटरचे वजन जेमतेम ७१ किलो भरते. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेसाठी चौपट मोठी टाकी लागते. ती पंखांत मावत नाही, विमानाच्या पोटात बसवावी लागते. साहजिकच विमान लांब किंवा रुंद होते आणि ते उभे करण्याची जागाही त्यानुसार आखावी लागते.

दुसरा प्रश्न तापमानाचा. हायड्रोजन द्रवरूपात ठेवायचा तर तो उणे २५३ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. थोडी जरी उष्णता आत शिरली तरी त्याची वाफ होऊ लागते. त्यामुळे टाक्या आणि नळ्या दुहेरी भिंतींच्या असाव्या लागतात आणि त्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी राखावी लागते. एवढे करूनही जी वाफ होते ती गोळा करून पुन्हा वापरण्याची सोय हवी, नाहीतर महागडे इंधन हवेत उडून जाते.

विमानतळापर्यंत तो पोहोचणार कसा?

याचे तीन मार्ग आहेत. पहिला, दुसरीकडे तयार झालेला द्रवरूप हायड्रोजन टँकरने आणणे. दुसरा, वायुरूप हायड्रोजन पाइपलाइनने आणून विमानतळाजवळ द्रवरूप करणे. तिसरा, पाणी आणि वीज वापरून विमानतळाच्या आवारातच हायड्रोजन बनवणे.

सुरुवातीला टँकर सोयीचे, कारण गुंतवणूक कमी लागते. पण द्रवरूप हायड्रोजन इतका हलका असतो की एका मोठ्या टँकरमध्ये साधारण साडेतीन ते चार टनच मावतो. एखाद्या विमानतळाला रोज १०० टन लागले, तर रोज पंचवीस ते तीस टँकरची रांग लागेल. मागणी आणखी वाढली की हा मार्ग कोलमडतो आणि पाइपलाइनचा विचार करावा लागतो. पाइपलाइनसाठी लागणारा पट्टा मात्र आधीच मोकळा ठेवलेला असावा लागतो. वस्ती, मेट्रो आणि उड्डाणपूल उभे राहिल्यानंतर तो शोधणे जवळपास अशक्य असते.

साठवणुकीचा आकारही लहान नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ने केनेडी अवकाश केंद्रात चांद्रमोहिमांसाठी बांधलेली हायड्रोजनची गोलाकार टाकी जगातील सर्वात मोठ्या टाक्यांपैकी एक आहे. तिची क्षमता सुमारे ४,७०० घनमीटर. रोज १०० टन वापरणाऱ्या विमानतळाला ती तीन-सव्वातीन दिवस पुरेल.

विजेचा हिशोब काय सांगतो?

खरा अडथळा इथे आहे. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन बनवायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो द्रवरूप करायला आणखी दहा-बारा युनिट. म्हणजे किलोमागे ६५ युनिट धरले, तर रोजच्या १०० टनांसाठी ६५ लाख युनिट वीज हवी. चोवीस तास अखंड सुमारे २७० मेगावॅट!

एवढ्या विजेत होते काय? १०० टन हायड्रोजनमधील ऊर्जा सुमारे २८० टन विमान इंधनाएवढी असते. तेवढ्यात पंधराएक ए-३२० विमानांच्या टाक्या काठोकाठ भरतील. तुलनेसाठी, कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे पंधरा टाक्यांएवढ्या इंधनासाठी कोयनेच्या क्षमतेच्या जवळपास सातव्या हिश्श्याएवढी वीज रात्रंदिवस लागेल. आणि ही वीज कोळशातून आली, तर सगळ्या खटाटोपाचा अर्थच उरणार नाही. आज जगात बनणाऱ्या हायड्रोजनपैकी बहुतांश नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच बनतो.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२३ मधील अहवालात हीच बाब पैशांच्या भाषेत मांडली होती. बॅटरी आणि हायड्रोजनवरील विमानांसाठी २०५० पर्यंत ७० हजार कोटी ते १.७ लाख कोटी डॉलर लागतील आणि त्यातील सुमारे ९० टक्के खर्च विमानतळाच्या कुंपणाबाहेर होईल, असा त्याचा अंदाज आहे. वीजनिर्मिती, वाहिन्या, हायड्रोजनचे कारखाने यांवर. याचा अर्थ हे नियोजन विमानतळाच्या व्यवस्थापनाला एकट्याने करता येणारे नाही. वीज कंपनी, बंदर, उद्योग आणि राज्य सरकार एका टेबलाशी बसल्याशिवाय ते होत नाही.

इंधन भरताना काय बदलेल?

कमी अंतराच्या सेवांमध्ये विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत अर्धा-पाऊण तास मिळतो. त्या वेळात प्रवासी उतरतात, सामान निघते, सफाई होते, जेवणाच्या गाड्या येतात आणि इंधनही भरले जाते. हायड्रोजन भरताना यातली किती कामे विमानाजवळ एकाच वेळी चालू ठेवता येतील, हा कळीचा प्रश्न आहे. विमानाभोवती मोठे वर्तुळ रिकामे ठेवावे लागले, तर विमान जमिनीवर जास्त वेळ थांबेल. विमान कंपनीचे उत्पन्न मात्र ते हवेत असतानाच होते.

सावधगिरीला कारणे आहेत. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कितीही असले तरी तो पेट घेऊ शकतो. त्याला अगदी क्षुल्लक ठिणगी पुरते आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत डोळ्यांना जवळपास दिसत नाही. त्यामुळे गळती ओळखणारी यंत्रे, उष्णता टिपणारे कॅमेरे आणि अग्निशमन दलाचे वेगळे प्रशिक्षण आवश्यक ठरते. दुसऱ्या बाजूला, तो हवेपेक्षा खूप हलका असल्याने उघड्यावर वेगाने वर निघून जातो, सांडलेल्या पेट्रोलसारखा जमिनीवर पसरून राहत नाही. धोका वेगळा आहे, म्हणून नियमही वेगळे लागतील. ते अजून तयार व्हायचे आहेत.

विमान नसताना विमानतळ काय करत आहेत?

नेमके हेच नियम तयार करण्यासाठी युरोपीय महासंघाच्या १.०८ कोटी युरोंच्या मदतीने २०२४ मध्ये ‘गोलियाट’ हा प्रकल्प सुरू झाला. आठ देशांतील दहा भागीदार त्यात आहेत आणि नेतृत्व एअरबसकडे आहे. रॉटरडॅम, स्टुटगार्ट आणि लिऑन या विमानतळांवर द्रवरूप हायड्रोजन हाताळणे आणि तो विमानात भरणे यांचा अभ्यास करणे हा त्याचा हेतू.

ब्रिटनमधील ब्रिस्टल विमानतळाने आणखी साधी सुरुवात केली. तिथे मार्च २०२४ मध्ये ‘ईझीजेट’सोबत झालेल्या चाचणीत प्रवाशांचे सामान ओढणारे ट्रॅक्टर हायड्रोजनवर चालवले गेले. विमान नाही तर निदान ट्रॅक्टर! पण त्यातूनच साठवण कुठे करायची, परवानगी कोण देणार, कर्मचाऱ्यांना काय शिकवायचे, याची उत्तरे मिळू लागतात.

घाईने उडी घेण्याचा धोकाही समोर आहे. अमेरिकेतील ‘युनिव्हर्सल हायड्रोजन’ या कंपनीने पाइपलाइनची कटकटच टाळायचे ठरवले होते. कारखान्यात भरलेल्या हायड्रोजनच्या कुप्या थेट विमानात बसवायच्या, अशी तिची कल्पना. मार्च २०२३ मध्ये तिने मोठ्या प्रादेशिक विमानाचे चाचणी उड्डाणही केले. पण पैसे संपल्याने जून २०२४ मध्ये कंपनी बंद पडली. तिच्या भरवशावर एखाद्या विमानतळाने यंत्रणा उभी केली असती, तर ती आज पडून राहिली असती.

भारतात काय स्थिती?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हे तिचे लक्ष्य. द्रवरूप हायड्रोजन हाताळण्याचा अनुभव देशात आहे, तो ‘इस्रो’कडे. ‘जीएसएलव्ही’ रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनात हेच इंधन वापरले जाते. मात्र वर्षाकाठी मोजक्या उड्डाणांसाठी ते हाताळणे आणि दर अर्ध्या तासाला एका विमानात भरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विमानतळांपैकी कोचीने पाऊल टाकले आहे. आवारातच १,००० किलोवॅटचा हरित हायड्रोजन प्रकल्प उभारण्यासाठी कोची विमानतळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत पेट्रोलियमशी करार केला. जागा, पाणी आणि सौरवीज विमानतळाची, तंत्रज्ञान आणि उभारणी तेल कंपनीची. तयार हायड्रोजनवर सुरुवातीला वाहने चालवायची आहेत. क्षमता छोटी आहे, पण जबाबदारीची अशी वाटणी इतरांनाही उपयोगी पडेल.

मग आता नेमके काय करायचे?

महाराष्ट्रासाठी हा प्रश्न दूरचा नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, त्याचे पुढील टप्पे बाकी आहेत. पुरंदर विमानतळ अजून कागदावर आहे. विमानतळाचा आराखडा चाळीस-पन्नास वर्षांसाठी असतो. म्हणजे आज आखलेल्या विमानतळावर २०५० मध्ये कोणते इंधन लागेल, हे आजच गृहीत धरावे लागते.

‘थोडी जागा राखून ठेवा’ हे सांगणे सोपे आहे. पण ती जागा कोणाची तरी असते. पुरंदरच्या सात गावांतील शेतकऱ्यांचा भूसंपादनाला झालेला विरोध ताजा आहे. कदाचित कधीच न येणाऱ्या इंधनासाठी त्यांच्याकडे आणखी जमीन मागणे योग्य ठरणार नाही.

त्यामुळे शहाणपण मधल्या मार्गात आहे. महागड्या टाक्या आज बांधायच्या नाहीत. पण आराखड्यातील मूळ जागेतच इंधन विभागाला वाढीसाठी वाव ठेवायचा, त्याच्याजवळ दुसरे काही बांधू द्यायचे नाही. पाइपलाइन आणि उच्चदाब वीजवाहिन्यांचा पट्टा रस्त्यांच्या आराखड्यातच धरायचा. विमानतळावरील ट्रॅक्टर आणि बसपासून सुरुवात करायची. यातला वीजपुरवठ्याचा भाग वाया जाण्याची शक्यता फारच कमी. हायड्रोजन विमाने आली नाहीत तरी विजेवरील वाहनांना, बॅटरीवरील छोट्या विमानांना तो लागेलच. शिवाय शाश्वत विमान इंधनाचे कृत्रिम प्रकार बनवण्यासाठीही हायड्रोजनच लागतो.

‘नासा’ने १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या ओ’हेअर विमानतळांवर द्रवरूप हायड्रोजनची व्यवस्था कशी करता येईल, याचे अभ्यास करून घेतले होते. ते शक्य असल्याचा निष्कर्षही निघाला. पण तेलाचे भाव उतरले आणि विषय मागे पडला. या वेळीही तसे होऊ शकते. फक्त आराखड्यात पट्टा मोकळा ठेवायला फारसा खर्च येत नाही. तो न ठेवता पुढे गरज पडली, तर मात्र धावपट्टीशेजारी वसलेल्या शहरातून जागा काढावी लागेल. ती किती अवघड असते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.