झेंडूचे दुखणे आधी ओळखा, मग पंप उचला



दसरा-दिवाळीच्या तोंडावर आपल्या वर्धा जिल्ह्यात अंगणात, धुऱ्यावर नाहीतर दोन-चार गुंठ्यांत झेंडू नाही असे घर विरळाच. घरच्या तोरणाला फुले होतात आणि बाजारात नेली तर सणाचा खर्चही निघतो. मात्र रोप लावल्यापासून फुले यायला साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे सणाच्या आधी पंधरा दिवस झाडे बिघडली की दुसरी लावण्याची सोय राहात नाही. अशा वेळी घाईघाईने पऱ्हाटीवरचे उरलेले औषध झेंडूवर मारले जाते. पैसा जातो, रोग तिथेच राहतो. म्हणून आधी झाड नीट पाहावे.

झाडाने एकाएकी माना टाकल्या तर फवारणीचा विचारच करू नका. ते झाड मुळासकट उपटा. बुंधा जमिनीलगत काळपट, साल सुटलेली आणि मुळे कुजलेली असतील तर ती मूळकुज. आपल्या भारी काळ्या जमिनीत भाद्रपदातले पाणी साचले की ही बुरशी हमखास येते. बुंधा वरून चांगला दिसत असेल तर त्याचा वीतभर तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात कापातून दुधासारखी धार उतरली तर ती जिवाणूंची मर समजावी. तिला औषध नाही. झाडे उपटून जाळावी आणि त्या जागी निदान दोन-तीन वर्षे झेंडू, टमाटे, वांगी, मिरची लावू नये. मूळकुज असेल तर आधी चर काढून पाणी बाहेर काढावे. शेजारच्या झाडांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम या प्रमाणात ओतावे. पुढल्या वर्षी रोपे गादीवाफ्यावर करा आणि मुरलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून द्या.

खालच्या पानांवर तपकिरी गोल ठिपके पडून ते वाढत वर चढू लागले तर तो करपा. कळ्या न उमलताच तपकिरी होऊन वाळल्या तर बुरशी कळीपर्यंत पोचली असे समजा. रोगट पाने व कळ्या तोडून जाळाव्या, पाणी झाडावरून न घालता बुडाशी द्यावे आणि मॅन्कोझेब १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम घेऊन फवारावे. गरज वाटल्यास १०-१५ दिवसांनी पुन्हा. थंडी पडू लागल्यावर पानांवर पीठ शिंपडल्यासारखे दिसते, ती भुरी. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक १० लिटरला २५ ग्रॅम पुरते. पण ते भर उन्हात मारू नये, पाने करपतात.

आता किडी. पान धुळकट, निस्तेज दिसले तर ते पांढऱ्या कागदावर झटका. लाल ठिपके चालू लागले तर तो कोळी. पानाखाली बारीक जाळीही दिसेल. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, गंधकही चालते. कोळ्यावरचे जुने डायकोफॉल २०२३ साली सरकारने बंद केले आहे, ते कोणी दिले तरी घेऊ नये. मावा व फुलकिडे यांना निंबोळी अर्क बरा. अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून १० लिटर पाणी करावे व त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. कळी पोखरणारी अळी सकाळी हाताने वेचावी. कपाशीभोवती सापळा म्हणून झेंडू लावला असेल तर हे काम चुकवू नका. अळ्या वेचल्या नाहीत तर तोच झेंडू अळ्यांचे घर होतो.

कधी पाने पिळवटतात, शेंडे वाकडे होतात, पण ना ठिपका ना कीड. तेव्हा पंप आठवा. तणनाशक मारलेला पंप नीट न धुता वापरला की झेंडू असा वाकतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

शेवटी महत्त्वाचे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर दगावले. दोन-तीन औषधे एकत्र कालवणे, तोंडाला फडके नसणे, वाऱ्याच्या विरुद्ध फवारणे, हे अंगणातही तितकेच घातक आहे. शिवाय झेंडूचे फूल हाताळतात घरच्या बाया आणि लेकरे. हार ओवताना दोरा दाताने तोडला जातो. म्हणून फुले तोडणीला आली की रासायनिक औषध बंद, फार तर निंबोळी अर्क. उरलेले औषध विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये आणि रिकामा डबा घरात वापरू नये.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही तर आजारी झाड मुळासकट, मातीसह कागदात गुंडाळून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, झाड वाटेतच सडते. नुसते पान नेल्याने मुळाचा रोग कळत नाही, हेही ध्यानात असू द्या.