विश्वस्त पुण्याचे, गाव कोळवणचं

पौड मागे टाकून कोळवणच्या रस्त्याला लागलं की भातखाचरांच्या जोडीने पाट्याही सुरू होतात. कुणाचं फार्महाउस, कुणाचं प्रतिष्ठान, कुणाची गोशाळा, कुणाचं साधना केंद्र. चिन्मय मिशनचं ‘चिन्मय विभूती’ याच खोऱ्यात, हाडशीचं मंदिरही इकडेच. ही मोठी नावं झाली, आजचा विषय ती नाहीत. विषय आहे पाच-सात विश्वस्तांच्या लहान धर्मादाय संस्थांचा. वाडीवर वह्या वाटणाऱ्या, महिन्यातून एकदा डॉक्टरची गाडी आणणाऱ्या, कातकरी पोरांचा संध्याकाळचा वर्ग चालवणाऱ्या. नुसत्या कोळवणात नव्हे, अख्ख्या मुळशीत आणि शेजारच्या मावळात अशा संस्था आहेत. त्यांची कामं खोटी नाहीत. डॉक्टरची गाडी आली नाही तर वाडीवरची बाई पौडपर्यंत कशी जाते, हे इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पण यांतल्या कुठल्याही संस्थेचं लेटरहेड घ्या आणि डाव्या समासातली विश्वस्तांची नावं वाचा. निवृत्त अधिकारी, सनदी लेखापाल, एखाद्या डॉक्टर बाई, संस्थापकांचे चिरंजीव. पत्ते कोथरूड, एरंडवणे, औंध. संस्थेच्या उद्देशात पहिलं वाक्य ‘आदिवासी व दुर्बल घटकांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी’ असं असतं. ज्यांची उन्नती करायची, त्यांच्यातलं एकही नाव त्या समासात सहसा नसतं.

कायद्याला याचं काही वाटत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५० चा. तो हिशेब मागतो, लेखापरीक्षण मागतो, विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज मागतो. २०२५ च्या वटहुकमाने तहहयात विश्वस्तांच्या संख्येलाही वेसण घातली, तेही बरंच झालं. पण विश्वस्त कोणातले असावेत, याबद्दल कायदा गप्प आहे.

आता त्याच वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा बघा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं २१ वं कलम सांगतं की शाळा व्यवस्थापन समितीत निदान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. म्हणजे शाळेत कातकरी मुलं असतील तर त्यांचे आईबाप समितीत बसलेच पाहिजेत. ही समिती किती ठिकाणी कागदावर असते, ते मला ठाऊक आहे. रजिस्टर घरी पाठवून अंगठे घेतल्याचेही किस्से आहेत. तरी कागदावर का होईना, त्या आईचा हक्क लिहिलेला आहे, आणि उद्या कुणी तो मागितला तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागेल. त्याच शाळेला वह्या, संगणक आणि रंगीत भिंती देणाऱ्या संस्थेकडे ती काय मागणार? संस्थेच्या लेखी ती लाभार्थी. लाभार्थ्याने फोटोला उभं राहायचं असतं.

अशा एका संस्थेच्या बैठकीला मी ‘निमंत्रित’ म्हणून बसलो होतो. गावातले एक दादा त्या मंडळावर नुकतेच घेतलेले. वर्षभराचं अंदाजपत्रक इंग्रजीतून पडद्यावर सरकत होतं. आकड्यांवर दोन विश्वस्तांची चांगली जुंपली, तिसऱ्यांनी मध्यस्थी केली. दादा हात मांडीवर ठेवून बसलेले. मग कुणीतरी त्यांच्याकडे वळून म्हणालं, “दादा, कार्यक्रमाला मांडव कोणाचा सांगायचा? आणि पाण्याचा टँकर?” दादांनी दोन्ही सांगितलं. बैठकीत त्यांना विचारलेले प्रश्न एवढेच. इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते’ असं आलं.

संस्थेच्या मंडळावर कोणी बसायचं, हा वाद आपल्याकडे आजचा नाही. त्यातला सगळ्यात मोठा झाला तोही इथूनच, पुण्याहून. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच अस्पृश्यतानिवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पुढे तिचं नाव हरिजन सेवक संघ झालं. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. मध्यवर्ती मंडळावर सुरुवातीला अस्पृश्यांचे नेतेही होते: डॉ. आंबेडकर, एम. सी. राजा, श्रीनिवासन. नोव्हेंबरमध्ये गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. संस्थेने विहिरी, शाळा, चावडी यांवरच्या हक्कासाठी झगडावं, नुसती सुधारणेची कामं करू नयेत, आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतलेच घ्यावेत, असा त्याचा रोख. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही, असं त्यांनी पुढे १९४५ च्या पुस्तकात नोंदवलं. ते संघातून बाहेर पडले.

पुढे मंडळावर अस्पृश्यांना जागा का नको, याचं गांधीजींचं उत्तरही त्याच पुस्तकात आहे. अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप, संघ हे त्यांचं प्रायश्चित्त, आणि पैसा त्यांनीच दिलेला. म्हणून संघ त्यांनीच चालवायचा. पहिल्या भागात नैतिक वजन आहे हे मान्य केलं पाहिजे. ज्याने कर्ज केलं त्याने फेडावं, सावकाराला राबवू नये, असा तो विचार. पण कर्ज किती आणि कोणत्या रूपात फेडायचं, हे कर्जदारानेच ठरवायचं म्हटलं की गाडी फसते. दुसरा भाग, पैसा ज्याचा मंडळ त्याचं, हा तर आजही जसाच्या तसा ऐकू येतो. फक्त प्रायश्चित्ताच्या जागी आता सीएसआर आलं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले. पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत कंपन्यांची रांग आहे आणि पैसा खोऱ्यात येतो, ही चांगलीच गोष्ट. पण तो कशावर खर्चायचा, ते कंपनीची समिती आणि संस्थेचे विश्वस्त ठरवतात. वाडी ठरवत नाही.

बाबासाहेबांनी स्वतः संस्था काढली तेव्हा मंडळ कसं बांधलं, ते या संदर्भात बघण्यासारखं आहे. जुलै १९२४ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बहिष्कृत हितकारिणी सभा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निस्सिम, रुस्तुमजी जिनवाला, रँग्लर परांजपे, बाळासाहेब खेर. पारशी, ज्यू, गुजराती, ब्राह्मण, सगळे प्रतिष्ठित. बाहेरच्यांना दार बंद नव्हतं, उलट मानाच्या जागा त्यांनाच दिलेल्या. पण व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब, चिटणीस शिवतरकर. कामकाजाची सूत्रं समाजातल्या माणसांकडे. पुढल्याच वर्षी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं. मुळशीतल्या बहुतेक संस्थांत हीच रचना उलटी आढळते. गावच्या माणसाला सल्लागार, मार्गदर्शक, सत्कारमूर्ती असं काहीही करतात; सही पुण्याची.

सामान्य, कमी शिकलेल्या माणसांना संस्था चालवता येत नाही, हा आक्षेप मी मनावर घेत नाही. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा धंदा सुरू केला. त्याचं व्यवस्थापक मंडळ एकवीस जणींचं, आणि सगळ्या सभासद बहिणींमधल्याच. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, आणि तिच्यातून निघालेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कचरावेचकांच्याच मालकीची. तिने महापालिकेशी करार केला, घरोघरचा कचरा उचलला, दर ठरवताना भांडली.

लाभार्थ्यांना मंडळावर आणण्याचा प्रश्न अमेरिकेत कायद्याने हाताळला. १९६४ च्या गरिबीविरोधी कायद्याने स्थानिक संस्थांत गरिबांचा शक्य तितका सहभाग हवा असं म्हटलं. महापौरांनी आणि समाजसेवकांनी आपापली माणसं भरली, तेव्हा दोन वर्षांत दुरुस्ती झाली की मंडळाचे निदान एक तृतीयांश सदस्य गरिबांनी निवडलेले असावेत. केंद्राचं अनुदान घेणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांना तर याहून कडक नियम आहे. मंडळावर किमान ५१ टक्के माणसं त्या केंद्रात उपचार घेणारी हवीत. टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या अशा अनेक केंद्रांचे रुग्ण लॅटिन अमेरिकी मुळाच्या हिस्पॅनिक कुटुंबांतले, शेतावर राबणारे. मंडळावर ‘हिस्पॅनिक नेते’ आले म्हणजे झालं असं तिथे समजत नाहीत, कारण नेता म्हणून येतो तो बऱ्याचदा वकील नाहीतर बँकेतला अधिकारी असतो. तो आडनावाने त्या समाजातला असला तरी द्राक्षं तोडणाऱ्या बाईच्या पाठदुखीबद्दल त्याला तिच्याइतकं कळेलच असं नाही.

हेच आपल्याकडे होतं, आणि इथे खोऱ्यातल्या मंडळींनाही जरा टोचेल असं बोलायला हवं. पुण्याच्या विश्वस्तांना ‘स्थानिक प्रतिनिधी’ हवा असतो तेव्हा ते माजी सरपंचांना घेतात, नाहीतर ज्यांनी जागा मिळवून दिली त्यांना. ज्याचं घर रस्त्याला, ज्याच्याकडे चारचाकी, ज्याचा फोन लागतो, तो गावचा आवाज ठरतो. कातकरवाडी गावाच्या टोकाला, बऱ्याचदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर. तिचं आणि त्या प्रतिनिधीचं हित एकच असतं असं नाही, काही वेळा तर नेमकं उलट असतं. मुळशीला हे शिकवायला नको. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह पेटला, तेव्हा मावळ्यांच्या बाजूने बोलणारे पुण्यातलेच होते आणि जमिनीचे मालक सावकारही पुण्यातलेच. सावकारांना मोबदला पुरेसा होता, कसणाऱ्या कुळाला जमीन हवी होती. सत्याग्रह मोडण्यात या दुफळीचाही हात होता.

मग वाडीतल्या माणसाला मंडळावर घ्यायचं तर करायचं काय? ठराव करून भागणार नाही, कॅलेंडर बदलावं लागेल. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. संस्थांचं अंदाजपत्रक बनतं फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे खर्च ठरतो तेव्हा ज्यांच्यासाठी खर्च करायचा ती माणसं विटा थापत असतात. जुलै लावणीत जातो. उरतो श्रावण-भाद्रपद. महत्त्वाची बैठक तेव्हा घ्या, वाडीच्या समाजमंदिरात घ्या, संध्याकाळी घ्या, आणि मराठीत घ्या. दिवसा घ्यायची असेल तर येणाऱ्याचा खाडा भरून द्या. विश्वस्ताने मोबदला घेऊ नये हे तत्त्व पेन्शनवाल्याला शोभतं. रोजावर जगणाऱ्याला बैठकीला बोलावून फुकट बसवणं ही त्याच्याच खिशातून घेतलेली देणगी झाली. प्रवासाचा आणि बुडालेल्या दिवसाचा खर्च म्हणून ती रक्कम हिशेबात उघड लिहा.

कागदाची अडचणही खरी आहे. नवा विश्वस्त घ्यायचा तर त्याचं संमतिपत्र, ओळखपत्र, पॅन. परदेशी देणगी घेणारी संस्था असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर आधारही. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना केंद्र सरकार विशेष दुर्बल म्हणतं, त्यांत माडिया गोंड आणि कोलामांबरोबर कातकरी आहेत. त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली, तीत घरं आणि रस्त्यांच्या जोडीला दाखले काढून देण्याची शिबिरंही घ्यावी लागली, यावरून काय ते समजा. संस्थेकडे लेखापाल असतो, वकील असतो. दोघांना एक दिवस पौडच्या तहसील कचेरीत पाठवायला काय हरकत आहे? विश्वस्त झाला नाही तरी माणसाच्या हाती दाखला तर पडेल.

आणि एकच घेऊ नका, निदान दोघं घ्या. सात सुशिक्षितांच्या मध्ये एकटा बसलेला माणूस मांडव नि टँकरपलीकडे बोलत नाही, हे मी पाहिलेलं आहे. शेजारी आपल्यातलं कुणी असलं की आधी कुजबूज होते, मग आवाज फुटतो. दोघांत एक बाई असावी. आणि ती कोण, हे पुण्यात बसून ठरवू नका. वाडीला बसून ठरवू द्या. वाडी कदाचित भांडखोर बाई पाठवेल. ती पहिल्याच बैठकीत म्हणेल, साहेब, तुमच्या वह्या पुरे झाल्या, घराखालची जागा आमच्या नावावर होते का ते बघा. सगळे घड्याळाकडे बघतील, कारण असल्या कामाला देणगीदार मिळत नाही आणि गावातला जमीनमालक दुखावतो. तेव्हा ‘चर्चा झाली’ एवढ्यावर इतिवृत्त बंद करू नका. तिचा ठराव तिच्या नावाने, सूचक म्हणून लिहा. अनुमोदनाला सातांपैकी कोण हात वर करतं, तेही त्याच पानावर येऊ द्या.